बँकेत आणि बँकेचा

माझं लग्न जमत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी एकच प्रश्न विचारला होता, तोही मला नाही, माझ्या वडिलांना. मुलगा काय करतो? बँकेत आहे, वडील म्हणाले. पुढे कोणी काही विचारलं नाही. माझी उंची, माझं टक्कल पडू घातलेलं डोकं, माझं तिरकं बोलणं, सगळं त्या एका शब्दाखाली झाकलं गेलं. आणखी दोन प्रश्न विचारायला हवे होते, असं बायको अजून म्हणते.

त्या काळी आमच्या रामदासपेठेतल्या शाखेत इतकी माणसं होती की कोणी रजेवर गेला तर दुपारपर्यंत कळायचं नाही. आता कोणाला सर्दी झाली तर काउंटर बंद होतो. माणसं रिटायर होत गेली, खुर्च्या मागे राहिल्या. काही दिवस आम्ही त्यांवर जेवणाचे डबे ठेवले, मग खुर्च्याही गेल्या. त्या जागी टाय लावलेली तरुण पोरं येऊन बसली. ती कर्ज विकतात, कार्ड विकतात, विमा विकतात आणि पासबुक भरायला आलेल्या म्हाताऱ्यालाही 'सर' म्हणतात. त्यांचा पगार मात्र बँक देत नाही, एजन्सी देते. गळ्यातल्या ओळखपत्राची फीत आमची निळी, त्यांची पिवळी. चहा पिताना आम्ही जुने कारकून म्हणायचो, हा बँकेचा आहे आणि तो नुसता बँकेत आहे. आम्हाला याची फार गंमत वाटायची.

मग माझा मुलगा पिवळी फीत घालून दुसऱ्या एका बँकेत लागला, आणि मी चहाला जागेवरच बसू लागलो.

मुलगा इंजिनिअर आहे. बँकांच्या परीक्षा देऊन देऊन वय उलटायला आलं, तेव्हा त्याने एजन्सीचा रस्ता धरला. काम तो मन लावून करतो. पण आलेली स्थळं 'परमनंट आहे का' या प्रश्नाशी येऊन परत जायची. अशात कामठीचं स्थळ आलं. मुलगी आमच्या रामदासपेठेतच एका मोठ्या दवाखान्यात लॅबमध्ये होती. दोघं एकदा बाहेर भेटली, आणि घरी येऊन त्याने आईला सांगितलं, हे मोडलं तर आता दुसरं बघू नका. मध्यस्थाला मी आधीच सांगून ठेवलं होतं, मुलगा बँकेत आहे. यात काडीचं खोटं नव्हतं.

हुडकेश्वरहून आम्ही तिघं कामठीला गेलो. तर्री-पोहे आले, वरचा तर्रीचा रस्सा चांगलाच झणझणीत. मुलीला वडील नाहीत, म्हणून बोलणी तिचे मामा करत होते. ते सिंचन खात्यातून रिटायर झालेले. त्यांनी माझ्या मुलाकडे नीट पाहिलं आणि मला विचारलं, "पोरगा बँकेत हाये, का बँकेचा हाये?"

आमच्या चहाच्या टेबलावरची गंमत कामठीपर्यंत कशी पोचली, कोण जाणे. सर्व्हर डाऊन आहे, हे वाक्य मी आयुष्यभर ग्राहकांच्या तोंडावर फेकलं, पण इथे ते चालण्यासारखं नव्हतं.

"बँकेत आहो, मामाजी," मुलगाच बोलला. "बँकेचा नाही. एजन्सीचा आहो. दर मार्चले नवं कॉन्ट्रॅक्ट भेटते."

मामांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. मला लाज वाटली, आणि लाज वाटली याचा त्याहून जास्त राग आला. बायको पदराशी चाळा करत बसली. एवढ्यात मुलगी आतून बाहेर आली.

"मामा, मी तरी कुठं दवाखान्याची आहो? मी बी दवाखान्यातच आहो न. तुम्ही त्याइले हे काहून नाही सांगितलं?"

"तू चूप बस वं," मामा म्हणाले. ती खुर्ची ओढून माझ्या मुलासमोर बसली. मामांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्या मुलाकडे पाहिलं.

"बाप्पा," ते म्हणाले, "म्हणजे दोन्हीकडून सारखंच हाये." मग माझ्याकडे वळले. "अन् तुम्ही?"

"मी बँकेचा," मी ताठ बसून म्हणालो.

"कधीपर्यंत?"

"मार्चअखेर रिटायर होतो."

"तुमच्या जागी कोण येऊन राहिलं मंग?"

"कोणी नाही."

मामांनी प्लेट पुन्हा उचलली, एक घास खाल्ला आणि निकाल दिला, "मंग मार्चच्या आधीच उरकून टाकू लग्न. मांडवात एक तरी माणूस बँकेचा राहीन."

सगळे हसले. मुलगाही हसला, कितीतरी दिवसांनी. मीही हसलो, आणि डोळ्यांत पाणी आलं ते तर्रीवर ढकललं.