नकाशाबाहेरची गाडी

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. माझा मामा जर्मनीत मोटारींच्या गॅरेजात कामाला होता. एका सुट्टीत येताना त्याने मोडीत निघालेल्या गाडीतून काढलेलं एक यंत्र आणलं. चपटा डबा, तळहाताएवढा पडदा आणि छपरावर लावायची साबणाच्या वडीएवढी अँटेना. आपली गाडी कुठे आहे ते हे यंत्र उपग्रहांवरून ओळखतं, असं तो म्हणाला. मात्र आतली नकाशांची तबकडी जर्मनीच्या रस्त्यांची होती, इकडे तिचा उपयोग नव्हता. बाबांनी विचारलं, उपग्रह तर इकडेही असतील ना? असतील, असं मामाला म्हणावं लागलं.

बाबांचं जैनथला किराणा दुकान होतं आणि दारात जुनी अँबेसिडर. आदिलाबादला गाड्यांत टेप बसवून देणारा एक मिस्त्री होता, त्याच्याकडे ती नेली. त्याने रेडिओ काढला, पण डबा त्या जागेत मावेना. मग डॅशबोर्डचा पत्रा कापला. पडद्याला जागा हवी म्हणून गणपती डावीकडे सरकवला. एक वायर कशाला जोडायची ते कोणालाच कळलं नाही, तेव्हा तिला चिकटपट्टी गुंडाळून आत कोंबलं. चावी फिरवल्यावर डब्यातून एक बाई जर्मनमध्ये बोलली. मामाने अर्थ सांगितला, "गाडी नकाशाच्या बाहेर आहे म्हणते."

"बराबर बोलते," बाबा म्हणाले.

पडदा कोरा करडा असे आणि मधोमध बाण. गाडी जाईल तसे मागे बारीक ठिपके उमटत. बाबा गिऱ्हाइकांना गाडीत बसवून बाजारातून फेरी मारत आणि ठिपके दाखवत.

त्याच हिवाळ्यात ताईला दाखवायला न्यायचं ठरलं. तामसीकडच्या एका खेड्यात मुलाच्या मामाच्या घरी कार्यक्रम होता. ताईला बी.एड. करायचं होतं. तिने आईला सांगितलं होतं, आईने तिला बाबांशी बोलायला सांगितलं होतं, आणि ते तिथेच थांबलं होतं.

वाटेत मोरीचं काम निघालेलं, म्हणून आम्ही शेतातल्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी, गाडीपेक्षा उंच. वाटेला फाटे फुटत गेले. आई म्हणाली कोणाला तरी विचारा. एवढं यंत्र बसवलं ते काऊन, असं बाबांनी विचारलं. शेवटी वाट एका विहिरीपाशी संपली. डब्यातली बाई तिचं वाक्य पुन्हा बोलली.

मागच्या सीटवरून ताई म्हणाली, "बाबा, मले आत्ता लग्न नाई करायचं. मले बी.एड. करायचं हाये."

बाबांनी गाडी बंद केली. हे घरी काऊन नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं. घरी सांगायला गेलं की तुम्ही उठून दुकानात जाता, असं ताई म्हणाली. आई खिडकीतून ज्वारी पाहत होती. मी पुढे बाबांच्या शेजारी होतो, मी गणपतीकडे पाहिलं.

"पुढची वाट तर दिसून नाही राह्यली," बाबा पडद्याकडे पाहत म्हणाले. "आलो ती दिसते."

मी खाली उतरून हात दाखवत राहिलो आणि त्यांनी विहिरीच्या कडेने गाडी वळवली. प्रत्येक फाट्यावर ते थांबत, ठिपके बघत आणि वळत. यंत्राचा उपयोग झाला तो तेवढाच. मुख्य रस्ता लागल्यावर मला वाटलं, आता घर. पण वाट बघत बसलेल्या माणसांना तसंच ठेवणं बाबांना पटलं नाही. त्यांनी एका बैलगाडीवाल्याला रस्ता विचारला आणि त्या गावी गेले.

आम्हाला गाडीत ठेवून ते एकटेच आत गेले. मुलगी शिकणार आहे, तिला आधी विचारायला पाहिजे होतं ते राहून गेलं, असं त्यांनी सांगितलं. मग मुलाचा मामा बाबांबरोबर बाहेर आला. त्याचा चेहरा पडलेला होता. गाडीजवळ आल्यावर त्याला पडदा दिसला. हे काय आहे, असं त्याने विचारलं. बाबांनी सांगितलं, आणि त्याला बसवून गावातून फेरी मारून आणली.

पोहे तर झालेले होतेच. मुलाच्या मामीने आई आणि ताईला आत बोलावलं, आणि जो मुलगा ताईला पाहणार होता त्यानेच बशा आणून दिल्या. ताईने दोनदा पोहे घेतले. पुढच्या जूनमध्ये ती बी.एड.साठी निर्मलला राहायला गेली.