मनोरीची हजेरी

लेकीच्या शिबिराच्या बॅगेत डासांचं मलम ठेवलं आणि त्या वासासरशी मला मनोरी आठवलं. सातवीचं निसर्ग शिबिर संपलं होतं, परतीची बोट लागली होती. “माझी हजेरी लाव गं, आलेच,” म्हणत माझी मैत्रीण वैशाली शिंपले वेचायला पळाली. बाईंनी तिचं नाव घेतल्यावर, वर्गात लावायचे तशीच मान खाली घालून ‘हजर’ म्हणत मी तिची हजेरी लावली. बोट निम्म्या खाडीत गेल्यावर ती धक्क्यावर दिसली, शिंपल्यांची ओंजळ तशीच धरून उभी. पुढच्या बोटीने ती आली, पण माझं नाव तिने सांगितलं नाही. तेव्हा मला फक्त बाईंची भीती वाटली होती. आता ती ओंजळ छळते.

“मैत्रीण दिसल्याशिवाय बोटीत चढू नकोस,” मी लेकीला पुन्हा बजावलं.

“आई, बाई हजेरी घेतात ना.”

“म्हणूनच सांगतेय.”