उडीचा धडा, मुक्काम भोपाळ

मुंबईहून भोपाळला निघालो तेव्हा माझ्या मांडीवर नारिंगी लाइफ जॅकेट होतं, कारण ते बॅगेत मावेना. समोरच्या बर्थवरच्या काकूंनी त्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "भोपाळला पूर आलाय का?"

मी व्यापारी जहाजांवर बरीच वर्षं काढली. आता नव्या कॅडेटना समुद्रात जीव कसा वाचवायचा ते शिकवतो. कोविडमध्ये वर्ग बंद पडले, तेव्हा बुडत्या जहाजावरून उडी कशी मारायची हे मी पनवेलच्या घरी, पंख्याखाली बसून, लॅपटॉपवर शिकवलं. त्या तुकडीत पहिली आली भोपाळची केतकी वानखेडे. तिचं फक्त प्रात्यक्षिक राहिलं होतं : पोहण्याच्या तलावात खरी उडी. संस्था उघडल्यावर तिने दोनदा तारीख घेतली आणि दोन्ही वेळा आली नाही. जहाज कंपनी तिची जागा महिनाभरच राखणार होती. फोनवर ती काही सांगेना, म्हणून मीच निघालो.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने जॅकेटकडे पाहिलं. "को खां (काय हो), मछली पकड़ने आए हो?" एका मुलीला जहाजावर पाठवायला आलोय, असं सांगितल्यावर त्याने शहरातल्या मोठ्या तलावाच्या दिशेने हात केला. "तो यहीं से भेज दो."

केतकीचे वडील, वानखेडे, मूळचे नागपूरचे, सरकारी कारखान्यात तंत्रज्ञ. बाग सेवनियातल्या त्यांच्या घरी पाटवडीचा रस्सा तयार होता. डोळ्यांतून पाणी काढणारा, आणि उत्तम. जेवणानंतर त्यांनी मला कौतुकाने गॅलरी दाखवली. "इथूनच हिने अख्खं जहाज शिकलं, सर."

वडील आत गेल्यावर केतकी म्हणाली, "सर, थिअरी पूर्ण येते. पण मला पाण्याचा डर लागतो (भीती वाटते). मी कधी पाण्यात उतरलेच नाही."

"हे वर्गात का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारायचे, समजलं का? समजलं तर होतंच."



सकाळी केतकी, तिचे वडील आणि मी एका तरणतलावावर गेलो. तिथल्या प्रशिक्षकाने माझं पोट पाहून प्रेमाने सुचवलं, "अंकल, आप रहने दो." मी ऐकलं नाही. फळीवर चढलो आणि लक्षात आलं की गेली दोन वर्षं मीही उडी फक्त बोललो होतो. पाणी आकृतीतल्यापेक्षा बरंच खाली होतं.

खालून केतकी सांगू लागली, "नाक-तोंड झाका. दुसऱ्या हाताने जॅकेट खाली दाबा. समोर बघा." वाक्यं माझीच होती. मी खाली बघितलं, हात सुटला, जॅकेट वर उसळून हनुवटीवर आदळलं आणि जीभ दातांत सापडली. प्रशिक्षकाने मला काठाशी ओढलं.

"सर, तुम्ही खाली बघितलं," केतकी म्हणाली.

"हो."

"जॅकेट पण सोडलं."

"हो."

"तरी वर आलात."

मग तिने माझ्याकडून ओलं जॅकेट मागून घेतलं. मी तिच्या जॅकेटच्या गाठी तपासल्या. प्रशिक्षक पाण्यात उतरून थांबला. ती फळीवर चढली, खाली आली, पुन्हा चढली. वानखेड्यांनी पाठ फिरवली. मग केतकीने समोर बघत पाऊल टाकलं, अगदी शिकवल्याबरहुकूम. वर आली ती खोकत आणि रडत. श्वास मिळताच म्हणाली, "एकदा अजून."

परतीच्या दिवशी केतकीच्या आईने पोहे-जिलबी समोर ठेवली आणि माझी सुजलेली जीभ पाहून दहीभात कालवला. गाडीत मी विचार करत होतो : दोन वर्षं आम्ही अभिमानाने म्हणत होतो की शिक्षण थांबलं नाही. थांबलं नव्हतंच. फक्त कुणी भिजलं नव्हतं, शिक्षकसुद्धा.

पंधरा दिवसांनी केतकी येऊन प्रात्यक्षिक पास झाली आणि जहाजावर रुजू झाली. मी मात्र संस्थेत अर्ज दिला, की लॅपटॉपवर शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांची पुन्हा परीक्षा घ्यावी, पहिली माझी. व्यवस्थापकांनी विचारलं, "कॅप्टन, तुम्हाला तपासणार कोण?"

मी एक नाव सुचवलं, पण ती तोवर सिंगापूरच्या पुढे गेली होती.