घसा बसला त्या दिवशीची बैठक

नव्वदच्या दशकात बारामतीला राहून मी सल्लागाराची कामं घ्यायचे. कधी सरकारी कार्यालयाचं, कधी एखाद्या सेवाभावी संस्थेचं, कधी रोपवाटिकेच्या मालकाचं. जायचं, लोकांशी बोलायचं आणि काय करता येईल ते लिहून द्यायचं, असं ते काम.

एकदा एका कार्यालयानं मला लासुर्ण्याला पाठवलं. तिथल्या भाजीपाला उत्पादकांच्या संस्थेला माल निवडायला नि भरायला शेड द्यायची होती. पण संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव एकमेकांशी बोलत नव्हते. अशी संस्था टिकेल का, हे मी पाहून सांगायचं होतं.

अध्यक्ष म्हणजे तात्या. त्यांच्या वडिलांनी मेंढरं विकून शेती धरलेली. सचिव आबा पिढीजात भाजीवाले. संस्था दोघांनीच उभी केली होती. मग एका सकाळी पुण्याच्या मार्केट यार्डाला जाणारी गाडी भरताना आबांनी तात्यांच्या धाकट्या भावाचे टोमॅटो फार पिकलेत म्हणून बाजूला काढले. भाऊ चारचौघांत त्यांना वाटेल ते बोलला. तात्या शेजारीच उभे होते, पण गप्प राहिले. आबांना ते गप्प राहणंच जास्त लागलं.

मी आधी दोघांच्याही घरी जाऊन आले. दोघांनी चहा पाजला, दोघांनी दुसऱ्याचं कौतुकच केलं.

"माणूस लाख हाय," तात्या म्हणाले, "पर बोलत न्हाय त्येला काय करू?"

आबाही जवळपास हेच म्हणाले.

मग शाळेच्या व्हरांड्यात बैठक घेतली. दोघं आले आणि माझ्या दोन बाजूंना बसले.

"मॅडम, त्यास्नी इचारा, शेड कुठं बांधायची?" तात्या म्हणाले.

मी आबांकडे वळून विचारलं.

"त्यास्नी सांगा, रस्त्याकडंला. हितं गावात गाडी वळत न्हाय."

मी तात्यांकडे वळले. मागे बसलेली मंडळी तोंडाला उपरणं लावून हसत होती. असं बराच वेळ चाललं. मला सकाळपासूनच सर्दी होती, त्यात हे दुहेरी बोलणं. तात्यांचा पुढचा प्रश्न पोचवायला मी तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. परत प्रयत्न केला, तर नुसती फुसफुस.

सभासदांपैकी एक मावशी उठल्या आणि शेजारच्या घरातून गरम पाणी घेऊन आल्या. शेवटी तात्या समोर बघतच म्हणाले, "आबा, तुमीच सांगा आता. बाईंचं हाल कशापायी करताय?"

"मी करतोय व्हय?" आबा ताडकन म्हणाले. "तुमी त्या दिवशी गप बसला, तितं सुरू झालं समदं."

"भाऊ हाय माझा. लोकांपुढं त्येला काय बोलणार व्हतो?"

"मग घरी येऊन मला बोलायचं. मी वाट बघितली."

"वाट बघितली?" तात्यांनी पहिल्यांदाच आबांकडे मान वळवली. "मला काय ठावं? मला वाटलं, तुमी दारात उभं करणार न्हाय."

आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. "इतकी वर्सं झाली तात्या, तुमास्नी दारातनं माघारी लावीन मी?"

मी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच बसून होते. हललं तर दोघांना माझी आठवण होईल, अशी भीती वाटत होती.

शेड रस्त्याकडेला बांधायचं ठरलं. माल निवडायला आबांसोबत आणखी एकानं उभं राहायचं, हेही ठरलं. तात्यांचा भाऊ काही बैठकीला आला नव्हता. तो पुढेही आपला माल वेगळाच पाठवत राहिला. संस्था टिकेल, असं मी कार्यालयाला लिहून दिलं.

पुढे एकदा भवानीनगरला दुसऱ्या कामासाठी गेले असताना तशीच लासुर्ण्यालाही जाऊन आले. शेडमध्ये गवारीचा ढीग पडला होता आणि त्याच्या दोन बाजूंना उभं राहून तात्या नि आबा जोरजोरात भांडत होते. मला बघून दोघांनी हात केला, बसायला पोतं टाकलं आणि पुन्हा आपलं भांडण सुरू केलं.