अकोल्याच्या शर्यतीतली शेवटची काच

बडनेऱ्याला गाडी बदलली तेव्हा धोतराच्या घड्यांत गुंडाळलेल्या सहा काचा माझ्या मांडीवर होत्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आरसे विकून रायले काय जी?" मी सरळ हो म्हणालो. फोटोच्या कोऱ्या काचा म्हणजे काय हे समजावत बसलो असतो तर अकोलाच आलं असतं.

अमरावतीच्या एका स्टुडिओत मी तीन वर्षं माणसं खुर्चीवर बसवत होतो. धावता माणूस टिपायचं खूळ मात्र माझं स्वतःचं. वडील भिक्षुकी करतात; त्यांनी एका वकिलांकडे माझी कारकुनी पक्की केली होती, सोमवारपासून. इकडे अकोल्याच्या एका व्यायामशाळेनं कळवलं होतं, की शर्यतीचा एक फोटो नीट निघाला तर वर्षभराच्या सगळ्या शर्यती तुमच्या. माझ्या हातात हा एकच रविवार होता.

मैदान बाळापूरच्या रस्त्याला. भोवती काळी माती आणि वेचणीला आलेली पऱ्हाटी (कपाशी). ऊन असं लख्ख, की मी घाईघाईनं चार काचा उडवल्या. मग पहिल्या फेरीचे गडी परतताना दिसले. सगळ्यांच्या पुढे बाळापूरकडचा नामदेव, शेतकऱ्याचा पोर, पाय अनवाणी. मी पाचवी काच लावली, आणि तो दहा पावलांवर असताना स्टुडिओतल्या सवयीनं ओरडलो, "हलू नका!"

तो थांबला. मुंडासं सारखं केलं, हात मांड्यांना चिकटवले आणि डोळे न मिटता उभा राहिला. मागचे दोघे त्याला ओलांडून गेले. अंतिम शर्यतीला दोघेच घ्यायचे होते.

"अरे, थांबलास कशाला?" मी धावत जाऊन विचारलं.

"तुमीच त म्हनलं जी! हाललं का फोटो बिघडते, मले ठाव हाय."

तो रागावलाही नाही, याची मला जास्त लाज वाटली. मी तडक पंचांकडे गेलो. पंच म्हणजे एक म्हातारे शाळामास्तर. सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी आहे, याला पळू द्या. मास्तरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. पुढे गेलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "पळू द्या गुरुजी. असं जिंकून काय करू मी?"

"पळू दे," मास्तर म्हणाले. "पन तुमी अन् तुमचा डबा कोनाले दिसला नाई पायजे!"

व्यायामशाळेत गोळाभात (भातात शिजवलेले डाळीचे तिखट गोळे) वाढला होता. ऊन ऊन भातावर कच्च्या तेलाची धार. एरवी मी तीनदा मागून घेतला असता. त्या दिवशी पान तसंच ठेवून उठलो. पाचवी काच उभ्या नामदेवावर खर्ची पडली होती, आता एकच उरली होती.

लपायला जागा मिळाली ती कापसाच्या बंडीत (बैलगाडीत). गळ्यापर्यंत कापसात बुडालो, कॅमेऱ्याचं फक्त भिंग बाहेर. आडवा पळणारा काचेवर धुरकट उतरतो, समोरून तिरका येणारा सापडतो, एवढं मला टांग्यांवर काचा वाया घालवून कळलं होतं. बंडी तशीच लावून घेतली. तोंडात उपरणं कोंबलं, कारण स्वतःच्या जिभेचा भरवसा उरला नव्हता.

बारा वाजता आरोळी उठली. नामदेव आला! मागचा हातभरावर, शेवटच्या वळणावर दोघे खांद्याला खांदा. चुन्याच्या रेघेजवळ नामदेवानं उडी घेतल्यासारखं पाऊल टाकलं आणि मी कळ दाबली. दोरा त्याच्याच छातीवर तुटला.

व्यायामशाळेच्या धान्याच्या कोठीत, फटींना गोणपाट लावून, काच धुतली. हळूहळू नामदेव उमटला. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले, खाली त्याची सावली वेगळी. मी कोठीतच नाचलो आणि ज्वारीचं एक पोतं आडवं केलं. उन्हात दोन प्रती काढल्या. नामदेवानं आपली प्रत उलटी करून पाहिली, मग सुलटी, आणि म्हणाला, "मी असा दिसतो पळतानी?" व्यायामशाळेच्या वतीनं मास्तरांनी पुढच्या शर्यतीचा दिवस तिथंच सांगितला.

परतीच्या गाडीत मला वाटत राहिलं, की तीन वर्षं मी माणसांचे कपडे टिपत होतो. माणूस आज पहिल्यांदा सापडला. दिवेलागणीला घरी पोचलो. वडिलांनी संध्या आटोपून फोटो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"उद्या वकिलांना काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"दुसरा मुलगा बघा म्हणावं."

त्यांनी देव्हाऱ्यातली हळदकुंकवाची कुयरी उचलली आणि माझ्या कॅमेऱ्याला कुंकवाचं बोट लावलं.