उजव्या पायाची चप्पल

नसलेले बोट खाजते. उजव्या पायाच्या करंगळीच्या टोकाशी, नखाच्या आतल्या कडेला, इतकी नेमकी खाज सुटायची की वाचता वाचता माझा हात आपोआप खाली जायचा. आणि तिथे कापूस, पट्टी आणि हवा. नख नाही, कड नाही, बोटच नाही. खाज मात्र होती, आपल्या जागी, एखाद्या जुन्या भाडेकरूसारखी. घर पाडले तरी पत्ता न सोडणारी.

ही खाज यायची ती दुपारी. दिवाळी तोंडावर आलेली, आणि अमरावतीतली आमची गल्ली जेवणानंतर अशी निपचित पडायची की कुठल्या तरी स्वयंपाकघरात रवा भाजल्याचा वास येई, पण भाजणाऱ्या बाईच्या बांगड्या वाजत नसत. समोरच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या वारा नसताना हलत. खिडकीशी पाय उशीवर ठेवून पडलेल्या माणसाला अशा गोष्टी दिसतात. चालणाऱ्यांना कुठे सवड असते?

साखरेने करंगळी खाल्ली आणि डॉक्टरांनी ती काढली. जखम भरायला मात्र तयार नव्हती. "भाऊबीज होऊ द्या, मग पट्टी उघडून पाहू. नाही भरली तर आणखी वर जावे लागेल," असे ते म्हणाले. वर म्हणजे कुठे, हे त्यांनी स्वतःच्या घोट्याला हात लावून दाखवले. तेव्हापासून माझ्या दिवाळीत एकच प्रश्न होता: पाय राहतो की जातो?

दवाखान्यातून घरी येताना चौकाचौकात पुढारी मला शुभेच्छा देत होते. केवढाले फलक, केवढे जोडलेले हात! रिक्षात पाय आडवा टाकून बसले होते म्हणून असेल, पण त्या दिवशी प्रथमच ध्यानात आले, की या फलकांवर पाय कोणालाच नसतो. सगळे कमरेशी कापलेले आणि तरी हसणारे. एरवी मी त्या थाटाला हसले असते. त्या दिवशी मान वळवून घेतली.

माझी थोरली बहीण, माई, सेवा करायला हिवरखेडहून आली. आल्या आल्या तिने पट्टीकडे पाहिले आणि विचारले, "थे बोट कुठी टाकलं व त्यायनं?"

"मला काय माहीत? दवाखान्याच्या पिशवीत."

"इचारलं नाई? तुहं बोट होतं, शेजारणीची वाटी नोती!"

मी हसले, पण तो प्रश्न गेला नाही. माणूस मेला की अखंड जातो असे आपण धरून चालतो. माझा एक अंश मला न सांगता पुढे निघून गेला होता. तो कुठल्या वाटेला लागला असेल? एकट्या करंगळीला वाट तरी सापडते का?

शनिवारी माई पिशवी घेऊन मारुतीला गेली आणि हलकी होऊन परतली. शनिवारी देवळाबाहेर चपला सोडून अनवाणी घरी यायचे, कोणी गरजू त्या घालून नेतो आणि त्यांच्यासोबत आपली पनोतीही जाते, ही आपल्याकडची जुनी सोय. मला चालता येत नव्हते, म्हणून माईने माझ्या वतीने चप्पल सोडली. फक्त उजवी! दुखणे उजव्या पायाचे. डाव्या चपलेने काय पाप केले, असा तिचा सरळ हिशेब.

"अगं, एक चप्पल कोण नेईल?" मी म्हणाले. "गिऱ्हाईक नाही तर पनोती जाणार कोणासोबत?"

"तू लय शिकली, म्हणून तर बोट गेलं," माई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल ओट्यावर हजर होती. माईच्या हातातला झाडू खाली पडला. एवढ्यात देवळाजवळची हारवाली फाटकातूनच ओरडली, "बाई, कुत्र्यानं पळवली असन म्हणून आणून ठेवली! तुमचीच हाये ना?" चुकण्यासारखी नव्हतीच ती. सुजलेल्या पायासाठी चांभाराने पट्टा उसवून त्यात काळ्या कातड्याचा तुकडा घातला होता. आणि आतल्या बाजूला इतक्या वर्षांच्या चालण्याने पाच बोटांचे पाच खळगे पडले होते. मी मनसोक्त हसले. माई हसली नाही.

नणंदेला फराळ द्यायला ती एसटीने अकोल्याला गेली, तेव्हा चप्पलही गेली. संध्याकाळी परत आली ती हात झटकत. "मोर्णा नदीच्या काठी, मारुतीपाशी ठेवली. आता येऊ दे म्हना कोनाले यायचं त्याले."

लक्ष्मीपूजनाच्या तिन्हीसांजेला तिने ओट्यापासून देव्हाऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठाची पावले काढली. मूठ पिठात बुडवून टेकवायची, वर बोटांनी बोटे. मी वॉकर धरून दारात उभी होते. माई निरांजन आणायला वळली, मी तिच्याकडे पाहिले, पुन्हा बाहेर पाहिले. पहिल्या पावलावर चप्पल होती. उजव्या पावलावर, उजवी. टोक घराकडे.

ओले पीठ कुठेही फिसकटले नव्हते. फाटकाची कडी लागलेली होती.

"माई," मी म्हणाले, "मस्करी पुरे."

तिने पाहिले आणि तिथेच बसली. "तुही कसम शालू, मी थे अकोल्यात ठेवून आली व." तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पांढरे होते. चपलेवर पिठाचा ठिपकाही नव्हता. हारवालीला विचारले, तर ती म्हणाली, "मी कायले अकोल्याले जाऊ? मले इथंच पुरत नाई!"

मी संशयी बाई आहे. पिशवीच्या तळाशी चप्पल राहून गेली असेल, दुसरीच एखादी ठेवली असेल, असे सगळे मनात मांडून पाहिले. प्रत्येक तर्क दारापर्यंत यायचा आणि त्या कोरड्या, स्वच्छ चपलेपाशी थांबायचा. आम्ही दोघींनीही तिला हात लावला नाही. भाऊबिजेला आलेली मंडळी नमस्काराला वाकत, पट्टी पाहून गोंधळत आणि डाव्या पायाला शिवून ओट्यावरच्या त्या चपलेला वळसा घालून जात. का वळसा घालतो, हे त्यांनाही सांगता आले नसते.

मग पट्टी उघडायचा दिवस आला. माईने माझा हात इतका दाबला की पायाचे भय क्षणभर हाताला लागले. डॉक्टर बराच वेळ वाकून पाहत राहिले. "भरली," ते म्हणाले. "आता काही कापायचे नाही."

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. तीच ती निपचित दुपार. "घाल आता," माई हळूच म्हणाली. मी वॉकर धरून उजवा पाय पुढे केला. चार बोटांना आपले चार खळगे बरोबर सापडले. पाचवा रिकामा राहिला. त्याच्या काठाला पायाची कड लागली आणि मी थबकले. तो खळगा उबदार होता. बाकीचे चार थंडगार. आमचा ओटा उत्तरेला आहे. तिथे हिवाळ्यात ऊन येत नाही.

"काय झालं व?"

"काही नाही," मी म्हणाले.

त्या दुपारपासून नसलेले बोट खाजत नाही. मी चालते, थोडी लंगडत, पण माझ्याच पायांनी. त्या चपलेसाठी ओट्यावर एक जागा ठरली आहे, टोक घराकडे. दुपारी गल्ली निपचित झाली की मी तिच्या पाचव्या खळग्याकडे पाहत नाही. दुरून चालत आलेले कोणी तिथे निजले असेल, तर त्याची झोप मोडू नये.