आक्काचा ताप

भूकंपात आई-आबा गेले तेव्हा मी सहावीत होतो आणि आक्का, माझी थोरली बहीण, एकोणीस वर्षांची. तिनं लग्न केलं नाही. मला घेऊन लातूरला आली, मला लॅब टेक्निशियन केलं. पुढं ट्यूशनसाठी बाहेरगावाहून पोरी येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्यासाठी मेस काढली.

त्या पावसाळ्यात घरोघर डेंगी होता. आक्कालाही ताप आला. "लई थंडी वाजायली रे," म्हणाली. मी तापाची गोळी दिली. चार दिवस नुसती गोळी! दिवसभर लोकांचं रक्त तपासणारा मी, घरच्या माणसाचं रक्त काही काढलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी बरळू लागली. मला 'आबा' म्हणून हाक मारली.

मी कामाला होतो त्याच दवाखान्यातल्या आयसीयूत तिला नेलं. प्लेटलेट कमी, बीपी खाली. सगळे डेंगीच म्हणत होते. डॉक्टर मॅडमना मात्र पटेना. "डेंगीची टेस्ट निगेटिव्ह आहे. मला सेप्सिसची, जंतू रक्तात पसरल्याची शंका येतेय. अँटिबायोटिक सुरू करते, जंतू वाढवून बघायच्या कल्चरला वेळ लागेल. प्रोकॅल्सिटोनिन आणि लॅक्टेट लगेच लावा. तुम्ही नका करू, दुसऱ्याला सांगा."

दुसरं होतं कोण? लॅबमधला जोडीदार रजेवर. रक्ताच्या नळीवर आक्काचं नाव मीच लिहिलं.

प्रोकॅल्सिटोनिन निरोगी माणसाच्या रक्तात जवळजवळ नसतंच. जिवाणूंचा संसर्ग अंगभर पसरला की ते झपाट्यानं वाढतं. मशीनपुढं हात जोडून मी म्हणत होतो, देवा, डेंगीच असू दे. आकडा आला. विश्वास बसेना म्हणून नमुना परत लावला. तोच आकडा. लॅक्टेटही चढलेलं, म्हणजे अवयवांना रक्त पुरत नव्हतं. रिपोर्ट छापायला न थांबता मी जिना चढत पळालो.

"एका आकड्यावर मी ठरवत नाही," मॅडम म्हणाल्या, "पण आता डेंगी समजून थांबायचं नाही. मूळ शोधू." सोनोग्राफीत ते सापडलं. खड्यामुळं किडनी तुंबली होती, आत पू झाला होता. तो काढायला नळी घातली.

"वाचेल ना, मॅडम?"

"दोन दिवस आधी आणलं असतं तर..."

पुढं आकडा रोज उतरत गेला. पण बीपी इतकं खाली गेलेलं, की ते टिकवायच्या जबर औषधांनी बोटांपर्यंत रक्त पोचेना, उजव्या हाताची बोटं काळी पडत गेली. चार काढावी लागली. आक्का वाचली, मेस बंद पडली.

घरी आणलं त्या दुपारी मी वरणात भाकरी कुस्करून तिच्या तोंडाशी घास नेला. माझेच डोळे वाहत होते.

"कशाला रडायलास? जिती हाय ना मी," ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं. मग म्हणाली, "ताट खाली ठेव. डाव्या हातानं खाते."